हात मागे

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो परतवाड्याच्या एका आजींचा. आई-बाबांचं ऋण यात धरत नाही, ते मोजायला बसणं बरं नव्हे. पण ज्या कामावर आज माझं घर चालतं, ते काम म्हणजे नेमकं काय, हे मला या आजींनी दाखवलं. आणि तेही स्वतःचा उजवा हात उघडत नसताना. त्यांचं नाव इथं लिहू का, म्हणून मी फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नाव नको टाकू बापू. लोक पत्ता काढून चहा प्याले येतीन. मंग कप धुवाले तूच येजो." म्हणून नाव लिहीत नाही.

माझं गाव मूर्तिजापूरपासून आत आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा, पुढचं सगळं मूर्तिजापूरला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. झाल्यावर अमरावतीच्या एका रुग्णालयात व्यवसायोपचार सहाय्यकाचं प्रशिक्षण मिळतं असं कळलं, तेव्हा ते काय असतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी जे वाचलं होतं ते बाबांना सांगितलं, की आजारानं किंवा अपघातानं ज्याचं रोजचं करणं बंद पडलं, त्याला ते पुन्हा करायला शिकवायचं. जेवणं, कपडे घालणं, आंघोळ, स्वयंपाक. बाबा वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, घासत बसले होते. म्हणाले, "म्हंजे सेवाच झाली ना. ते जमते तुले."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे चांगल्या वळणाचा मुलगा म्हणजे ज्याचे हात सांगण्याआधी हलतात तो. म्हातारं माणूस ओसरीवरून उठायला लागलं की याचा हात त्याच्या बगलेखाली गेलेला पाहिजे. पाहुणा पायरी चढतो आहे तोवर पाण्याचा गडवा पुढं आला पाहिजे. मी त्या बाबतीत गावात नावाजलेला होतो.

अमरावतीला पहिल्याच आठवड्यात हे नावाजलेपण आडवं आलं. आम्हाला शिकवणाऱ्या थेरपिस्ट मॅडम मूळच्या पुण्याकडच्या. बोलायच्या हळू, पण त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. कुठलाही पेशंट चमच्याशी किंवा चपलेच्या पट्ट्याशी झगडत असला आणि मी पुढं झालो, की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्यांचा आवाज यायचा, "हात मागे." एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही मदत केलीत की पेशंटचा हात सुट्टीवर जातो. पडत असेल तर धरा. भाजणार असेल तर थांबवा. बाकी वेळ उभे राहा." ऐकायला सोपं होतं. संध्याकाळी खोलीवर गेलो की मात्र माझे खांदे दुखायचे, दिवसभर नांगर धरल्यासारखे. मी तर काहीच उचललेलं नसायचं.

त्या दिवसांत आजी आल्या. अकोल्याहून मुलाच्या गाडीतून. लकवा उजव्या अंगाला होता. पाय बराच सावरला होता, काठी घेऊन चालत. हात मात्र खांद्यापासून जड आणि बोटं मुठीत वळलेली. बोलणं शाबूत होतं. मॅडमना पहिले काही दिवस वाटायचं की आजी त्यांच्यावर रागावल्या आहेत. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे बोलतातच असं.

मॅडम प्रत्येक नव्या पेशंटला एक प्रश्न विचारतात, तो त्यांनी विचारला, "तुम्हाला काय करता यायला हवंय?"

बहुतेक जण सांगतात, हात बरा व्हावा. आजी म्हणाल्या, "मले माह्या घरी जायचं हाय."

मागं उभ्या असलेल्या मुलानं मान खाली घातली. घर म्हणजे परतवाड्याचं. आजी तिथं एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मेळघाटातल्या शाळांवर नेमणूक झालेले मास्तर सकाळी परतवाड्याहून सेमाडोहच्या जीपमध्ये बसत, त्यांचे डबे आजी करून देत. पुढं डबे थांबले, पण दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला चहा पाजायचा हे थांबलं नाही. लकव्यानंतर मुलानं त्यांना अकोल्याला आणलं. त्याचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान होतं. माणूस चांगला होता. आईसाठी त्यानं पलंगाला कठडा करून घेतला होता, आणि दर खेपेला दुकान बंद ठेवून तो तिला स्वतः घेऊन येई.

आजी आत टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या तेव्हा तो बाहेर आम्हाला म्हणाला, "मॅडम, घराले गिऱ्हाईक आलं हाय. दिवाळी झाली की सांगतो म्हणून मी त्याले शब्द दिला. ती अजून तिकडंच जायचं म्हणते. उद्या ती एकटी गॅस लावन. चहा उतू गेला, गॅस विझला, तिच्या ध्यानात नाई आलं, मंग? मी अकोल्यात आन् ती तिथं."

"आणि त्यांना सगळं नीट, सुरक्षितपणे करता आलं तर?" मॅडमनी विचारलं.

त्यानं दारातून आत बसलेल्या आईकडे पाहिलं. "तर मी कायले विकू? माह्या बापानं बांधलेलं हाय ते. पण मले डोयानं दिसलं पाह्यजे. तोंडी नाई."

असं ठरलं. आजींनी स्वयंपाकघरात कुणाचाही हात न लागता चहा करून दाखवायचा. आमच्याकडे मदतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. माणूस स्वतः करतो, किंवा सांगावं लागतं, किंवा हात लावावा लागतो. हात लावावा लागला की एकटं राहणं संपलं. आजींना हे मीच समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे कोणी बोट लावलं की माहं घर गेलं." मी काहीतरी गोड बोलायला गेलो. मॅडम म्हणाल्या, "हो आजी. तसंच."

मग खेपेगणिक सराव सुरू झाला. टेबलावर पसरलेल्या शर्टाची बटणं लावायची, कपड्यांचे चिमटे दोरीवर अडकवायचे, ओला टॉवेल पिळायचा. आजी बटणाशी झगडत आणि मी समोर उभा. बटण काजात अर्धं शिरायचं आणि निसटायचं. पुन्हा शिरायचं, पुन्हा निसटायचं. एकदा आजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुहं तोंड पाय. जसं बटन तुह्याच नरड्यात अडकलं."

मी हसलो आणि त्या हसण्यात माझं बोट कधी पुढं गेलं, कापड कधी ताणून धरलं, मला कळलं नाही. बटण लागलं. मॅडम आल्या. "कोणी लावलं?"

"आजींनी," मी म्हणालो.

"अर्धं यानं," आजी म्हणाल्या, आणि बटण पुन्हा काढून ठेवलं.

दिवाळीच्या आधी मॅडम आणि मी अकोल्याला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. सुनेनं दार उघडलं. वहिनी साध्या, हसऱ्या. आम्ही बसायच्या आत पाणी आलं, चिवडा आला, आणि त्या चहा ठेवायला वळल्या. मॅडमनी त्यांना थांबवलं आणि चहा आजी करणार आहेत हे पुन्हा सांगितलं. वहिनी हसून "हो हो" म्हणाल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता, हे मला दिसलं.

ओटा उंच होता. आजींनी काठी टेकवून ठेवली, डाव्या हातानं गॅस लावला, पातेल्यात पाणी घेतलं. पातेलं उचलताना ते तिरपं झालं. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. आजींनी पातेलं खाली ठेवलं, पुन्हा पकडलं, पुन्हा उचललं. ते पुन्हा तिरपं झालं आणि त्याच क्षणी वहिनींनी झेप घेतली. पातेलं त्यांच्या हातात होतं.

"राहू द्या आई, मले नाई पाह्यवत."

 मॅडमनी कागदावर लिहिलं. मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "पाहा मॅडम." त्याच्या आवाजात विजय नव्हता, उलट तो थकलेला वाटला. वहिनींनी मग चहा केला, फार चांगला केला, आणि कप देताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"सासू काम करते आन् सून हात बांधून पाह्यते, असं कधी झालं का आमच्यात? समोरच्या फ्लॅटवालीनं पाह्यलं तर काय म्हणन मले?"

मला त्यांचं बोलणं इतकं पटलं की मी मॅडमकडे पाहू शकलो नाही. पातेलं तिरपं झालं तेव्हा माझाही हात सुटला होता. वहिनी जवळ होत्या आणि मी लांब, एवढाच फरक.

आजींनी कपाला हात लावला नाही. "हा चहा माहा नाई," त्या म्हणाल्या. "मी नाई केला."

मॅडमनी मुलाला समजावलं. हे स्वयंपाकघर आजींच्या ओळखीचं नाही, गॅसचं बटण उलट्या बाजूला आहे, ओटा उंच आहे. जिथं राहायचं आहे तिथंच पाहू. त्यानं बायकोकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "तुळशीच्या लग्नानंतर परतवाड्याले हिच्या मामेबहिणीचं लग्न हाय. जायचंच हाय सगळ्याइले. आदल्या दिवशी पाहू. पण एकच वेळ. त्याच संध्याकाळी मी गिऱ्हाइकाले सांगून टाकतो, हो का नाई ते."

मधल्या दिवसांत मॅडमनी मला शनिवारी अकोल्याला पाठवायला सुरुवात केली. बडनेऱ्याहून गाडी पकडायची. वाटेत मूर्तिजापूर लागतं. आई फोन करून म्हणायची, "गाडी आपल्या टेसनावरून जाते आन् तू उतरत नाईस. कोणती म्हातारी हाय ते, तिले मले दाखव तरी." मी खिडकीतून फलाटाकडे बघायचो आणि पुढं जायचो.

अकोल्यात आजींबरोबर मी चहाचं एकेक पाऊल वेगळं काढलं. भांड्याखाली ओलं फडकं ठेवायचं म्हणजे ते सरकत नाही. लांब दांड्याच्या पातेल्याऐवजी कडीचं, बुडाला रुंद पातेलं घ्यायचं. पाणी पातेलं भरून उचलायचं नाही, गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात तांब्यानं घालायचं. शेवटी चहा ओतणं जड जाईल म्हणून मी सुचवलं की पळीनं कपात घालू.

"पळीनं? तीर्थ हाय का ते?" आजी म्हणाल्या. "पाव्हण्याच्या ओंजळीत दे म्हणशीन आता."

ओतायचंच ठरलं. मग आम्ही गाळणीच्या दांड्याला जुन्या साडीची चिंधी गुंडाळून तो जाड केला. आजींची उजवी मूठ उघडत नव्हती, पण तिच्यात एकदा वस्तू बसवली की घट्ट राहायची. मुठीत गाळणी, डाव्या हातात सांडशी. पहिल्यांदा चहा नीट कपात पडला तेव्हा त्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कामचोर. धरता येत होतं तर."

एका गोष्टीचा सराव मात्र करता येत नव्हता. गॅस विझला तर काय करायचं ते मी सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडून म्हणवूनही घेतलं होतं: आधी गॅसचं बटण, मग खिडकी, दिव्याच्या बटणाला हात नाही, वास जाईपर्यंत थांबायचं. त्या धडाधडा म्हणायच्या. पण कुणाच्या घरात मुद्दाम गॅस सोडून तर पाहता येत नाही. मुलाला भीती त्याचीच होती. मलाही. मी मॅडमना विचारलं, तसं झालं तर मी काय करायचं? त्या म्हणाल्या, "त्यांना कळलं नाही असं दिसलं तर लगेच बंद करा. क्षणभरही थांबू नका. पण आधी त्यांना कळतंय का, ते पाहा." या दोन वाक्यांच्या मध्ये किती जागा आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

परतवाड्याला आम्ही अमरावतीहून बसनं गेलो. घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. जीपवाल्यांच्या हाका घरात ऐकू येत होत्या. घर बंद असल्यानं सगळीकडे धूळ साचली होती. वहिनी सकाळीच येऊन ती झाडून-पुसून बसल्या होत्या. मुलगा पडवीत फोनवर बोलत होता. "आज संध्याकाळी फायनल सांगतो भाऊ. हो. आजच."

आजी आपल्या ओट्यापाशी उभ्या होत्या. ओटा बुटका, काळ्या फरशीचा. त्यांनी फरशीवरून डावा हात फिरवला आणि मग वळून सुनेला म्हणाल्या, "लग्न उद्या हाय आन् तुहे हात कोरे काहून? मेंदी लाव. आत्ताच लाव, तेव्हा रंग चढन."

"संध्याकाळी लावते ना आई."

"संध्याकाळी पाव्हणे येतीन. आत्ता."

शेजारच्या मावशींना हाक गेली. त्या मेंदीचा कोन घेऊन आल्या, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या. दोन्ही तळवे, मनगटापर्यंत. मावशी सावकाश वेली काढत होत्या. मला तेव्हा ते लग्नघरचं नेहमीचं वाटलं. मी माझ्याच काळजीत होतो.

मॅडम कागद घेऊन दारापाशी. मुलगा त्यांच्या मागं. मी ओट्याच्या सगळ्यात जवळ, कारण आजी पडल्या तर धरायला मीच होतो. हात मागे. उजव्या हातानं मी डावं मनगट पकडून ठेवलं होतं.

आजींनी गॅस लावला. तांब्यानं पाणी घातलं. आलं ठेचायला त्यांनी खलबत्ता घेतला नाही, डाव्या हातातल्या वाटीच्या बुडानं पोळपाटावर चेचलं. साखरेचा डबा उघडायला वेळ लागला. डबा पोटाशी धरून झाकण फिरवायचं, हे आम्ही केलेलं होतं, पण हा डबा जुना, झाकण गंजलेलं. वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता. झाकण निघालं. थोडी साखर सांडली. आजींनी ती हातानं गोळा केली आणि पातेल्यात टाकली. वहिनी पुटपुटल्या, "जास्त झाली." दूध घातलं.

तेवढ्यात पडवीतून कुणीतरी हाक मारली. "काकू, आल्या का घरी?" रस्त्यानं जाणारं कुणी ओळखीचं असावं. आजींनी मान वळवली. "आली ना," त्या म्हणाल्या. "थांब, चहा होते."

पातेल्यात चहा वर चढताना मला दिसला. तोंडी सूचनासुद्धा द्यायची नव्हती, एकट्या घरात सांगणारं कोण असणार. मी ओठ दाबून धरले. चहा कडेवर आला, फुगला आणि सगळा उतू गेला. फस्स करून ज्योत विझली.

आजी वळल्या. उतू गेलेल्या चहाकडे पाहत राहिल्या. बर्नरखालून बारीक सूं आवाज येत होता. मला वास आला. मागं मुलाची चप्पल वाजली. वहिनी पाटावरून अर्ध्या उठल्या, दोन्ही हात पुढं, आणि ओल्या मेंदीनं त्या हवेतच थांबल्या. "आई, गॅस," असं त्यांच्या तोंडून आलंसुद्धा नाही, नुसते ओठ हलले.

गॅसचं बटण माझ्यापासून एका हातावर होतं. माझं मनगट सुटलं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, आजींकडे पाहत होत्या. मग मीही आजींकडे पाहिलं. त्यांची नाकपुडी हलली. त्यांचा डावा हात आधी पातेल्याकडे गेला, सवयीनं, सांडलेलं सावरायला. मध्येच थांबला. माझा हात पुढं निघाला होता, हे मी खरं सांगतो. तेवढ्यात त्यांचा हात मागं फिरला, बटणावर आला आणि बटण बंद झालं.

"कोणी हालू नका," त्या म्हणाल्या. "दिव्याच्या बटनाले हात लावू नका."

त्या काठी घेऊन खिडकीशी गेल्या. खिडकी किती महिने उघडली नव्हती. कडी गच्च बसली होती. डाव्या हातानं ओढून पाहिलं. हलेना. पुन्हा ओढली. मुलगा पुढं आला, आणि मॅडमनी नुसता हात आडवा केला. आजी क्षणभर कडीकडे पाहत राहिल्या. मग खांदा वळवून त्यांनी उजवी मूठ कडीच्या खाली आणली आणि वर दणका दिला. एकदा, दोनदा. कडी उडाली. खिडकी उघडली, आणि जीपवाल्याची "सेमाडोह, सेमाडोह" ही हाक एकदम मोठी झाली.

"बसा आता," आजी स्टुलावर बसत म्हणाल्या. "वास जाऊ द्या. उशीर होईन चहाले."

आम्ही बसलो.  बराच वेळ वारा आत येत राहिला. मग त्या उठल्या, ओटा पुसला, बर्नर फडक्यानं कोरडा केला, वास घेतला, गॅस लावला आणि पहिल्यापासून चहा केला. मुठीत गाळणी, डाव्या हातात सांडशी. या वेळी त्यांनी पातेल्यावरून नजर काढली नाही. कप त्यांनी ओट्यावर ओळीनं ठेवले. "आणून द्याले जमत नाई मले. ज्याले पाह्यजे त्यानं उठावं."

पहिला कप मुलानं उचलला. उभ्या उभ्या प्याला. "साखर लय झाली," एवढंच म्हणाला. मग पडवीत गेला आणि त्यानं फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "नाई भाऊ. नाई विकत. घर वापरात हाय." पलीकडून काहीतरी बोलणं झालं असावं. तो पुन्हा म्हणाला, "वापरात हाय म्हटलं ना."

आत येऊन तो आईला म्हणाला, "रोज सकाळी मले फोन करायचा."

"तूच करजो. सकाळी माह्या हातात काम राह्यते."

मॅडमनी त्याला बाकीचं समजावलं: मावशींनी दिवसातून डोकावायचं, खिडकीच्या कडीला तेल, गॅसचा वास आला की वाजणारं यंत्र बसवून घ्यायचं. तो सगळ्याला मान हलवत होता. वहिनी मेंदीचे हात वर धरून तशाच बसल्या होत्या, आणि मावशी त्यांना आपल्या हातानं चहा पाजत होत्या.

निघताना मी आजींच्या पाया पडलो. त्या हळूच म्हणाल्या, "सुनेचे हात बांधाले मेंदी होती. दोरीनं बांधली असती तर बरं दिसलं असतं का?" मग माझ्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "भेव तुहाच होता मले. तुले लावाची राह्यली होती मेंदी."

परतीच्या बसमध्ये मी मॅडमना विचारलं, की मी थांबलो तो आजींवर विश्वास होता म्हणून, की तुम्ही होतात म्हणून. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते कळायला मी नसताना थांबावं लागेल." पुढं मला अकोल्याच्या एका रुग्णालयात नोकरी लागली. तिथं मॅडम नाहीत. अजून प्रत्येक वेळी मला मनगट धरून ठेवावं लागतं.

आजींना पत्रच हवं असतं. फोनवर बोललेलं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. नोकरी लागल्यावर मी त्यांना पाठवलेलं पत्र इथं देतो.

परतवाड्याच्या आजींना अकोल्याहून नमस्कार.

अक्षर मोठं काढलं आहे. पाकीट मी चारी बाजूंनी डिंकानं चिकटवलं आहे, ते मुद्दाम. पोस्टमनदादांना किंवा मावशींना फोडू देऊ नका. उजव्या मुठीत चमचा बसवून त्याचा दांडा कोपऱ्यात घाला आणि ओढा. फाटलं तर फाटू द्या. हे वाचत असाल तर ते तुम्ही केलंच असणार.

मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी आईला दवाखाना दाखवायला आणलं. ती म्हणाली, इथं तर तू नुसता उभाच राहतोस, पगार कशाचा देतात? मी तिला तुमच्याकडे घेऊन येईन, तुम्हीच सांगा.

एक अडचण आहे, म्हणून लिहितो. माझ्याकडे एक गुरुजी येतात. लग्नं-मुंजी लावायचे. तुमच्यासारखाच लकवा, उजव्या बाजूला. त्यांना धोतर स्वतः नेसायचं आहे, बाकी काही नको म्हणतात. नेसता येईल, मला दिसतं आहे. पण त्यांचा मुलगा वडिलांवर फार जीव टाकतो. गुरुजींनी निरी हातात घेतली की तो खाली वाकून ती पूर्ण करून टाकतो. त्याला रागावता येत नाही. परवा गुरुजी माझ्याकडे बघून नुसते हसले. ते हसणं मला आवडलं नाही. तुम्ही अकोल्याला कपाला हात न लावता बसला होतात, तसं होतं.

त्या मुलाचे हात कशानं बांधू? पुरुषाला मेंदी लावता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. उत्तर डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल, पण पाकीट उजव्या मुठीनं दाबून बंद करा.

शनिवारी मी परतवाड्याला येतो. गॅसचं यंत्र वाजतं का ते पाहायचं आहे. चहा तुम्हीच करा, साखर हवी तेवढी घाला. मी दारात उभा राहीन, हात मागे.

तुमचा,
ज्याचा तुम्हाला भेव होता तो